अभिरूप आंतरराष्ट्रीय परिषद आणि उच्च प्राथमिक विद्यार्थी : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

'वकील' हा शब्द आज मराठीत न्यायालयापुरताच उरला आहे. शिवकाळात आणि पेशवाईत मात्र परदरबारी आपल्या धन्याची बाजू मांडणारा, तहाच्या कलमांची वाटाघाट करणारा आणि तेथील बातमी कळविणारा प्रतिनिधी या अर्थाने तो रूढ होता. परराज्यांशी असलेल्या संबंधांचे काम अष्टप्रधानांतील सुमंत अथवा डबीर यांच्याकडे असे. हेजीब, दुभाषी, तहनामा, कौल ही सारी शब्दसंपत्ती मराठीला या व्यवहारातूनच लाभलेली आहे. असे असूनही शाळेतील विद्यार्थ्याला आंतरराष्ट्रीय राजकारण हा विषय प्रथम भेटतो तो परकीय नावांच्या यादीसारखा आणि बहुधा परीक्षेसाठी पाठ करावयाच्या संघटनांच्या मुख्यालयांच्या रूपाने.

गेल्या दोन-अडीच दशकांत महानगरांतील शाळांमध्ये 'मॉडेल युनायटेड नेशन्स', म्हणजेच अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषद, हा उपक्रम झपाट्याने रुजला. सुरुवातीस महाविद्यालयीन स्तरावर असलेला हा उपक्रम आता इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला आहे. प्रस्तुत लेखात या उपक्रमाचे स्वरूप, या वयोगटाच्या दृष्टीने त्याची उपयुक्तता व मर्यादा आणि रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील शाळांमध्ये तो राबवावयाचा झाल्यास त्यासाठी उपलब्ध असलेली स्थानिक सामग्री यांचे विवेचन केले आहे. सामग्रीचा भाग येथे अधिक विस्ताराने आला आहे, कारण उपक्रमाची कार्यपद्धती कोठेही वाचावयास मिळते. या किनाऱ्याचा त्याच्याशी असलेला संबंध मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही.

उपक्रमाचे स्वरूप

अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये १९२० च्या दशकात राष्ट्रसंघाच्या बैठकांची अभिरूप रूपे भरविली जाऊ लागली. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची स्थापना झाल्यावर हीच प्रथा नव्या संघटनेच्या नावाने पुढे चालू झाली. नेदरलँड्समधील हेग येथे शालेय विद्यार्थ्यांसाठी १९६८ पासून भरणारी परिषद या परंपरेतील एक जुनी परिषद होय. भारतात याच्याशी नाते सांगणारा, परंतु स्वतंत्रपणे वाढलेला उपक्रम म्हणजे युवा संसद. केंद्रीय संसदीय कार्य मंत्रालयाने १९६६-६७ मध्ये दिल्लीतील शाळांपासून तिचा आरंभ केला, १९८८ मध्ये केंद्रीय विद्यालये तर १९९७-९८ मध्ये जवाहर नवोदय विद्यालये तीत सामील झाली. रायगड जिल्ह्याचे नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यातील निजामपूर येथे आहे. या गावाचा उल्लेख पुढे वेगळ्या कारणाने पुन्हा येईल.

युवा संसद आणि अभिरूप परिषद यांत एक मूलभूत भेद आहे. संसदेत विद्यार्थी आपल्याच देशाचा नागरिक म्हणून बोलतो, सत्ताधारी वा विरोधी कोणत्याही बाकावर असला तरी घटना एकच असते. अभिरूप परिषदेत त्याला चिठ्ठीने एखादा परका देश मिळतो. त्या देशाची भूमिका त्याने अभ्यासावयाची, तिचे एक टिपण तयार करावयाचे, सभेत ती मांडावयाची, मधल्या अनौपचारिक वेळेत इतर देशांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरावाचा मसुदा सिद्ध करावयाचा, त्यास दुरुस्त्या सुचवावयाच्या आणि शेवटी मतदान करावयाचे असा साधारण क्रम असतो. 'मी' हा शब्द वापरण्यास बहुतेक परिषदांत मनाई असते. प्रतिनिधीने 'आमचे शासन' असे म्हणावयाचे. हा नियम वरवर औपचारिक वाटला तरी उपक्रमाचे सारे शैक्षणिक सामर्थ्य त्यात आहे, कारण बोलणारा आणि ज्याच्या वतीने बोलावयाचे तो यांतील अंतर विद्यार्थ्याला प्रत्येक वाक्यात जाणवत राहते.

वयोगटाचा विचार

बालकाच्या बौद्धिक विकासाविषयी पियाजे याने केलेल्या मांडणीनुसार साधारणतः अकरा-बारा वर्षांच्या सुमारास अमूर्त व 'समजा असे असते तर' या स्वरूपाचा विचार करण्याची क्षमता आकार घेऊ लागते. रॉबर्ट सेलमन याने दुसऱ्याच्या दृष्टीने पाहण्याच्या क्षमतेचे जे टप्पे सांगितले, त्यांनुसारही दहा ते पंधरा या वयात मूल दोन पक्षांकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहू शकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवी हा स्वतंत्र मध्यम स्तर मानला आहे.

तथापि येथे एक विसंगती आहे. महाराष्ट्रात २०१६ ते २०१८ या काळात आलेल्या पाठ्यपुस्तकांत सहावीला स्थानिक शासनसंस्था, सातवीला संविधानाची ओळख, आठवीला संसदीय शासनपद्धती असा नागरिकशास्त्राचा क्रम ठेवण्यात आला आणि संयुक्त राष्ट्रे व परराष्ट्र धोरण हे घटक नववीत आले. म्हणजे सातवीच्या विद्यार्थ्याने सुरक्षा परिषदेत बसावयाचे ठरविले, तर त्याच्या पुस्तकात त्या परिषदेचा आधार नसतो. तो आधार शिकवणीवर्गाने वा इंटरनेटवरून उतरविलेल्या टिपणांनी भरून काढला जातो. सातवीच्या इतिहासात मात्र मराठ्यांच्या स्वराज्याचा सविस्तर अभ्यास असतो. या वयाच्या विद्यार्थ्याजवळ जी खरी पूर्वतयारी आहे ती येथे आहे, न्यूयॉर्कमध्ये नाही.

किनाऱ्यावरील वकिली

रायगड जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा, किनारा सतराव्या शतकात एकाच वेळी चार-पाच सत्तांच्या हिशेबात होता. चौल-रेवदंड्यास पोर्तुगीज, दंडाराजपुरीस जंजिऱ्याचा सिद्दी, उत्तरेस मुंबई बेटावर इंग्रज, वर डोंगरात रायगडावर छत्रपतींची राजधानी आणि सिद्दीच्या पाठीशी मोगल. यांपैकी कोणालाही इतर सर्वांशी एकाच वेळी युद्ध परवडणारे नव्हते. अभिरूप परिषदेस याहून अधिक अनुरूप रचना कल्पनेनेही करता येणार नाही.

१६७४ च्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडाकडे निघाला. चौल, अष्टमी, निजामपूर या मार्गाने तो पाचाडास पोहोचला. ६ जून रोजी राज्याभिषेक झाला आणि त्याच महिन्यात इंग्रजांशी तह ठरला. नारायण शेणवी हा इंग्रजांच्या बाजूचा दुभाषी व मध्यस्थ होता, तर दरबाराच्या वतीने निराजीपंत बोलणी करीत होते. इंग्रजांच्या मागण्यांत १६६१ च्या राजापूर वखारीच्या लुटीची भरपाई होती, व्यापाराची मोकळीक होती. त्यांखेरीज दोन मागण्या विशेष लक्षणीय होत्या. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे ही एक, आणि वादळात किनाऱ्यास लागलेली त्यांची जहाजे व माल परत मिळावा ही दुसरी.

या दोन मागण्यांवर दरबाराने दिलेली उत्तरे इंग्रजी दप्तरात नमूद आहेत. नाण्याबाबतचे म्हणणे असे की, कोणतेही नाणे चालण्यास मनाई नाही, पण प्रजेस तोटा सोसून ते घ्या अशी सक्ती करता येणार नाही. नाणे कसास उतरले तर ते आपोआप चालेल. फुटलेल्या जहाजांबाबत सांगण्यात आले की, किनाऱ्यास लागलेला माल परत देणे कोकणच्या रिवाजास धरून नाही आणि इंग्रजांना ही सवलत दिल्यास फ्रेंच, डच व इतर व्यापारीही तीच मागतील. पहिल्या उत्तरात नकार आहे, पण तो उघड नाही. दुसऱ्यात पूर्वोदाहरणाचा युक्तिवाद आहे, जो आजच्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय वाटाघाटीत ऐकू येतो. सिद्दीशी समेट करावा अशी सूचनाही ऑक्झिंडेनने केली होती. ती मान्य झाली नाही.

सातवीच्या वर्गात ही कलमे एकेक करून ठेवता येतात. एका गटाने इंग्रज व्हावे, एकाने दरबार, एकाने सिद्दी, एकाने चौलचे पोर्तुगीज, आणि फ्रेंच-डचांनी बाजूला बसून आपल्याला काय मिळते त्यावर लक्ष ठेवावे. प्रत्येक कलमावर विद्यार्थ्यांनी आपला निर्णय केल्यानंतरच १६७४ मधील प्रत्यक्ष उत्तर त्यांना वाचून दाखवावे. यासाठी लागणारी इंग्रजी कागदपत्रे शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध केलेल्या संग्रहात एकत्र आहेत. त्यांतील निवडक उताऱ्यांचे सोपे मराठी रूपांतर करणे हे महाविद्यालयीन इतिहास विभागास सहज शक्य असलेले काम आहे. मूळ पाने सातवीच्या मुलांच्या हाती देण्यासारखी नाहीत.

येथे एका अडचणीचा उल्लेख टाळता येत नाही. या किनाऱ्यावरील कोणत्याही वर्गात दरबाराच्या बाजूने बसण्यास सारे तयार असतात; इंग्रज वा सिद्दी व्हावयास कोणी तयार नसते. ही भावना स्वाभाविक आहे आणि तिची थट्टा होता कामा नये. तथापि समोरच्या वकिलाची बाजू भक्कमपणे मांडली गेली नाही, तर दरबाराच्या उत्तरातील चातुर्यही विद्यार्थ्यांना दिसणार नाही. दुबळ्या मागणीला दिलेला नकार हा नकारच असतो, मुत्सद्देगिरी नव्हे. त्याहून गंभीर बाब अशी की, मुरूड-श्रीवर्धन भागातील मिश्र वस्तीच्या शाळेत सिद्दीची भूमिका मुसलमान मुलाकडे आणि पोर्तुगीजांची भूमिका कोर्लईच्या ख्रिस्ती मुलाकडे 'आपोआप' जाण्याचा धोका असतो. असे एकदा जरी घडले, तरी उपक्रमाचा हेतू उलटा होतो; भूमिका ही भूमिका न राहता ओळखीचा शिक्का बनते. भूमिका चिठ्ठीनेच ठरल्या पाहिजेत, आणि शक्य असल्यास पुढच्या बैठकीत त्या फिरविल्या पाहिजेत.

१६७९ मध्ये मराठ्यांनी खांदेरी बेटावर तटबंदीस आरंभ केला, इंग्रजांनी गलबते धाडून अडथळा आणला, सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणे केले आणि अखेरीस १६८० मध्ये इंग्रजांनी मराठ्यांशी समेट केला. हा प्रसंग बळाच्या मर्यादा दाखवितो. परंतु वर्गासाठी त्याहून उपयुक्त प्रसंग पुढच्या शतकातील आहे. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी कान्होजी आंग्रे यांच्याविरुद्ध करार केला आणि वर्षअखेरीस दोघांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली. आंग्र्यांच्या मदतीस बाजीराव पेशवे फौजेसह आले. हल्ला फसला. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूस ठेवून मराठ्यांशी स्वतंत्र तह केला, आणि इंग्रजांना हात हलवीत मुंबईस परतावे लागले.

येथे विद्यार्थ्यांना विचारावयाचा प्रश्न 'कोण जिंकले' हा नसून 'पोर्तुगीजांनी असे का केले' हा आहे. दोन्ही मित्रांचा शत्रू एक होता, पण भीती एक नव्हती. पोर्तुगीजांचा उत्तरेकडील मुलूख वसईपासून चौलापर्यंत पसरलेला आणि मराठी फौजेच्या घोडदौडीच्या टप्प्यात होता, मुंबई बेटाला मात्र समुद्राचे संरक्षण होते. एकाच करारावर सह्या करणारे दोन पक्ष त्या करारातून भिन्न गोष्टी अपेक्षितात, हे तत्त्व व्याख्यानातून सांगितले तर विसरले जाते. ज्या मुलीने इंग्रजांची भूमिका घेतली आणि जिला ऐन वेळी मित्राने सोडले, ती ते विसरत नाही. पोर्तुगीज बाजूच्या अभ्यासासाठी पांडुरंग पिसुर्लेकर यांचे पोर्तुगीज-मराठे संबंधांवरील संशोधन मराठीत उपलब्ध आहे.

ब्रेटन वुड्समधील रायगडकर

किनाऱ्याचा जगाशी संबंध तहांच्या काळाबरोबर संपला नाही. महाडजवळील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या ४४ राष्ट्रांच्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळाचे सदस्य होते. या शिष्टमंडळाची स्थिती विलक्षण होती. देश परतंत्र, शिष्टमंडळाचा नेता जेरेमी रेझमन हा ब्रिटिश अधिकारी, आणि भारताची प्रमुख मागणी ब्रिटनच्याच विरोधात जाणारी. युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या स्टर्लिंग येण्याची परतफेड नाणेनिधीच्या चौकटीत व्हावी, ही ती मागणी होय. ती फेटाळली गेली. नाणेनिधीत भारताला ४० कोटी डॉलरचा हिस्सा मिळाला. मूळ हिश्शांच्या यादीत तो अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ, चीन व फ्रान्स यांच्यानंतर सहावा होता. सोव्हिएत संघ नाणेनिधीत सामील न झाल्याने पहिल्या पाचांत भारताची गणना झाली आणि कार्यकारी संचालक नेमण्याचा हक्क त्यास लाभला.

मुख्य मागणी हरूनही परिषदेतून काय आणता येते, याचे हे उदाहरण आठवीच्या विद्यार्थ्यास समजण्यासारखे आहे. महाड-माणगाव परिसरातील शाळांना तर ते आपल्या गावचे वाटावे. तरीही अभिरूप परिषदांच्या विषयपत्रिकांत ब्रेटन वुड्स हा ऐतिहासिक विषय म्हणून क्वचितच दिसतो.

२०१० ची टक्कर : एक वर्गपाठ

इतिहासाबरोबर वर्तमानातील प्रश्नही किनाऱ्यावर आहेत. ७ ऑगस्ट २०१० रोजी उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदरातून बाहेर पडणारे 'एमएससी चित्रा' हे पनामाचा ध्वज लावलेले मालवाहू जहाज आणि आत येणारे 'खलिजिया-३' यांची मुंबई बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. कंटेनर समुद्रात पडले, त्यांतील काहींत कीटकनाशके होती. जहाजाचे इंधन-तेल सांडून ते मुंबईसह उरण-अलिबागच्या किनाऱ्यास व कांदळवनांत पोहोचले. त्या वर्षी नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. हंगाम उघडण्याच्या तोंडावर मासळीला गिऱ्हाईक राहिले नाही.

या घटनेत किती देश आहेत, हा वर्गातील पहिला प्रश्न. जहाजाचा ध्वज पनामाचा, कंपनीचे मुख्य कार्यालय स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाचे, बंदर भारताचे, माल अनेक देशांच्या व्यापाऱ्यांचा आणि नुकसान करंजा, थळ, वरसोली येथील कोळ्यांचे. ध्वजाचा देश आणि मालकाचा देश वेगळे का असतात, हे समजावून घेताना 'सोयीचा ध्वज' ही संकल्पना येते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र ही १९८२ च्या समुद्रविषयक कराराची मोजमापे नकाशावर काढता येतात. भारताने तो करार १९९५ मध्ये मान्य केला. जहाजाच्या इंधनतेलाने होणाऱ्या प्रदूषणाच्या भरपाईसंबंधीचा २००१ चा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अंमलात आला होता, पण भारत त्यात सामील झाला तो २०१५ मध्ये. टक्कर झाली तेव्हा तो करार भारताच्या कामाचा नव्हता. कागदावरील एका सहीचा वेसाव्याच्या वा वरसोलीच्या होडीशी काय संबंध, हे येथे दिसते.

कोळीवाड्यातील मुलाला या अभ्यासात पनामाची भूमिका आली तर काय करावे, हा खरोखरीच कठीण प्रश्न आहे. ध्वजशुल्कावर आपल्या देशाचे उत्पन्न चालते, नियम कडक केल्यास जहाजे दुसरा ध्वज घेतील, असे त्याला म्हणावे लागेल, आणि ते म्हणताना घरची रिकामी टोपली त्याच्या डोळ्यांपुढे असेल. हे त्याच्याकडून करवून घ्यावे की नाही, याचा निर्णय शिक्षकाने त्या मुलाला ओळखून करावयाचा आहे. नियमपुस्तिका तो करू शकत नाही. मात्र त्याला साक्षीदार म्हणून परिषदेपुढे बोलावणे, कोळी समाजाचे म्हणणे मांडू देणे आणि प्रतिनिधींनी त्यास प्रश्न विचारणे, हा पर्याय उपलब्ध आहे आणि तो उपक्रमाच्या रूढ नियमांत नाही म्हणून टाळण्याचे कारण नाही.

भाषा, बक्षिसे व मूल्यमापन

शहरी अभिरूप परिषदांत इंग्रजी ही जणू प्रवेशाची अटच झाली आहे. कोट-टाय, सहभाग शुल्क आणि अस्खलित उच्चार यांच्या आड किनाऱ्यावरील जिल्हा परिषद शाळेतील विद्यार्थी पहिल्याच पायरीवर थांबतो. वस्तुतः संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत आणि बहुसंख्य प्रतिनिधी दुभाष्याच्या साहाय्याने ऐकतात. १६७४ ची बोलणीही नारायण शेणव्याच्या मध्यस्थीने झाली. परिषद मराठीत घेऊन दोन विद्यार्थ्यांना दुभाषी नेमल्यास इंग्रजी हे अडसर न राहता कौशल्य ठरते. कोर्लईस घरात पोर्तुगीज-उद्भव बोली बोलणारी मुले आहेत, म्हसळा-श्रीवर्धनच्या अनेक घरांत आखाती देशांतून पत्र-फोन येतात, अलिबागच्या इस्रायल आळीतील कुटुंबांचे नातलग इस्रायलमध्ये आहेत. 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाचा अर्थ या मुलांना शिकविण्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकणे अधिक फलदायी ठरेल.

दुसरा दोष बक्षिसांचा. 'सर्वोत्कृष्ट प्रतिनिधी' हा किताब बहुधा सर्वाधिक व सर्वांत जोरात बोलणाऱ्यास जातो. जो विद्यार्थी मधल्या वेळेत दोन गटांना एकत्र आणतो, आपल्या मसुद्यातील एक कलम सोडून दुसरे टिकवितो, त्याच्या नावाची नोंद होत नाही. शिवाय या परिषदांची कार्यपद्धती बव्हंशी अमेरिकन सभाशास्त्रावरून घेतलेली असून, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत बहुतेक ठराव मतदानाविना, सहमतीने संमत होतात, ही गोष्ट ती झाकून टाकते. मुले हात वर करून मोजणी करण्यास शिकतात; सहमतीची किचकट, कंटाळवाणी आणि शब्दाशब्दावर अडणारी प्रक्रिया शिकत नाहीत. उच्च प्राथमिक स्तरावर मतदान पूर्णपणे वगळून, सर्वांना मान्य होईल तेवढेच लिहावयाचे, असा नियम करून पाहण्यासारखा आहे. ठराव आखूड होईल, परंतु प्रत्येक शब्द कोणी कशासाठी ठेवला हे वर्गाला सांगता येईल.

मूल्यमापनासाठी भाषणापेक्षा लेखन अधिक विश्वसनीय होय. परिषद संपल्यावर प्रत्येक प्रतिनिधीने आपल्या शासनास एक पत्र लिहावे. काय मागावयास गेलो, काय मिळाले, काय सोडले व का सोडले, समोरच्याने कोणते कारण दिले आणि ते खरे वाटले काय, एवढेच त्यात असावे. ऑक्झिंडेनची रायगडच्या मुक्कामातील हकिकत आज वाचावयास मिळते ती याच कारणाने. फुटलेल्या जहाजांचे कलम आपल्या म्हणण्याप्रमाणे का पदरात पडले नाही, याचा जबाब त्याला मुंबईस परतून वरिष्ठांपुढे द्यावयाचा होता.